हरिहरचा अंगठा

हरिहरनं अंगठा दिला, आणि कशाला दिला हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

झालं असं. शनिवारची दुपार होती. हॉलंडमधल्या हूफडॉर्पच्या नव्या वसाहतीत, जिथली घरं एकाच साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी ओळीनं बसलेली आहेत, त्यातल्या एका घरात हरिहर चहा गाळत उभा होता. इरावती, म्हणजे त्याची बायको, धुतलेले कपडे वाळत टाकायला वरच्या मजल्यावर गेली होती. तिचा फोन ओट्यावर, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी पडलेला. फोन गुरगुरला. पडद्यावर नाव आलं : दोनातो.

हरिहरच्या माहितीतल्या माणसांत दोनातो नावाचं कुणी नव्हतं. इरावतीच्या फोनला कुलूप नसे, कारण तिचा जगावर विश्वास होता. हरिहरनं गाळणं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि फोन उघडला. निरोप लांबलचक होता, इटालियनमध्ये होता आणि त्याच्या शेवटी दोन उद्गारचिन्हं होती. त्यातला एकच शब्द त्याला वाचता आला. ‘इरा’. हे नाव वापरायची मुभा या पृथ्वीवर फक्त आपल्याला आहे, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

आता निरोप कॉपी करून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकायचा, एवढंच काम. त्यासाठी त्यानं त्या ओळींवर बोट दाबून धरलं. तर वर एक छोटी पट्टी उघडली, त्यात बदाम, हसरे, रडके चेहरे, आणि नेमका घाईत त्याचा स्पर्श झाला तो वर केलेल्या अंगठ्याला. झालं. दोनातोनं जे काही विचारलं होतं त्याला इरावतीच्या वतीनं पक्का होकार गेला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हरिहरनं फोन होता तिथे ठेवला आणि कोथिंबीर निवडायला घेतली. त्या भरात त्यानं देठं ताटात ठेवली आणि पानं कचऱ्यात टाकली.

“हे काय चाललंय?” इरावतीनं विचारलं.

“देठांत जीवनसत्त्वं असतात.”

त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांनंतर पुन्हा कुणीतरी न वाचता अंगठा दिला होता.

आता हरिहर कोण, हे सांगायला हवं. तो मूळचा करमाळ्याचा. वडील मार्केट यार्डात काट्यावर होते. ज्वारीची पोती चढवायची, वजन बघायचं, पावती फाडायची. त्यांनी पोराला एकच गोष्ट शिकवली. समोरचा माणूस हसला की आधी काट्याकडे बघ. पोरानं ही शिकवण इतकी मनावर घेतली की पुढे तिच्यावरच त्याचं पोट चाललं. आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या एका काचेच्या इमारतीत तो सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर दिवसभर संशय घेण्याचा त्याला पगार मिळतो. संध्याकाळी तेच काम तो फुकट करतो. स्टेशनवर लावलेल्या त्याच्या सायकलला तीन कुलुपं असतात आणि सायकल अशी असते की चोर कुलुपं घेऊन जाईल, सायकल ठेवून जाईल. शेजारच्या डच आजोबांनी एकदा आपल्या झाडाची सफरचंदं आणून दिली तेव्हा हरिहर आठवडाभर विचार करत होता, यांना आपल्याकडून नक्की काय पाहिजे. डॉक्टरनं एकदा तपासून “काही नाही, घरी जाऊन पाणी प्या,” असं सांगितलं, तर या माणसाला वाटलं, एवढं भयंकर आहे की तोंडावर सांगवत नाही.

पण या सगळ्याच्या खाली एक जुनी भीती होती, आणि ती त्यानं कुणाला सांगितलेली नव्हती. आपल्याला जे मिळालंय ते चुकून मिळालंय, असं त्याला वाटायचं. हे घर, ही नोकरी, डचमध्ये स्वप्नं बघणारी ही ईशानी नावाची पोर, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे इरावती. ती नाशिकची, आर्किटेक्टच्या घरातली, ग्रोनिंगनच्या विद्यापीठातून डॉक्टरेट झालेली. हिनं आपल्यात काय बघितलं, हे कोडं हरिहरला सुटलेलं नव्हतं. एक दिवस कुणीतरी दार वाजवेल आणि म्हणेल, माफ करा, पत्ता चुकला होता, आमची वस्तू परत द्या. त्या माणसाला आजवर चेहरा नव्हता. आता निदान नाव मिळालं.

आणि वर हे गाव! इरावतीची डॉक्टरेट भिंतींना पडणाऱ्या भेगांवर. ग्रोनिंगनकडे जमिनीतून गॅस काढल्यामुळे धरणी हलते आणि जुन्या विटांच्या घरांना भेगा पडतात. त्यांचा अभ्यास करता करता ती एका उन्हाळ्यात इटलीतल्या पिएत्राव्हेंतो नावाच्या डोंगरावरच्या गावात भेगा मोजायला राहिली होती. तेव्हा त्यांचं नुकतं लग्न झालेलं आणि हरिहर अजून पुण्यातच होता. त्या उन्हाळ्याबद्दल ती फारसं बोलत नसे. आणि यंदा मे महिन्यात, काही कारण नसताना, भाजीला फोडणी देता देता म्हणाली, “या सुट्टीत पिएत्राव्हेंतोला जाऊ. यंदाच जाऊ.”

“यंदाच का?”

“असंच. गाव छान आहे.”

स्ट्रक्चरल इंजिनियर ‘असंच’ म्हणत नाहीत. हरिहरनं तेव्हाच कान टवकारले होते.

सोमवारी ऑफिसात त्यानं गौरवला गाठलं. गौरव डोंबिवलीचा, त्याच्याच टीममध्ये, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं मत तयार असे.

“इटालियन माणसं कशी असतात रे?”

“जेवायला उशीर करतात. का?”

हरिहरनं सगळं सांगितलं, फक्त अंगठ्याचं वगळून. गौरवनं सँडविच खाली ठेवलं. “हरीभाऊ, लफडं असतं तर बाई एकटी गेली असती. नवऱ्याला, पोरीला घेऊन कोण जातं?”

“तेच तर. संशय येऊ नये म्हणून नेतेय.”

गौरवनं त्याच्याकडे थोडा वेळ आदरानं पाहिलं. “तुला प्रमोशन का देत नाहीत, मला खरंच कळत नाही.”

मधल्या दिवसांत दोनातोचे निरोप येतच राहिले. एकदा इरावती फोन बघून स्वतःशी हसली. हरिहरनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “कुणाचा?” ती म्हणाली, “तिकडचा मित्र आहे, दोनातो. वेडा आहे.” आणि मग तिनं नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, “तुझी पाठ कशी आहे रे आजकाल?”

बायको आपल्या पाठीची चौकशी कधी करते? हरिहर त्यावर तीन रात्री झोपला नाही.

ऑगस्ट उजाडला. स्किपोलहून रोम, तिथून भाड्याची गाडी, आणि मग अशी वळणं की ईशानीनं मागच्या सीटवर डोळे मिटून घेतले. शेवटच्या वळणावर पिएत्राव्हेंतो दिसलं आणि हरिहरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाव इतकं सुंदर होतं की संशय यावा. डोंगराच्या माथ्यावर मधाच्या रंगाची दगडी घरं एकमेकांना धरून बसलेली, खिडक्यांतून लाल फुलं ओघळलेली, खाली ऑलिव्हची झाडं, आणि वेशीच्या कमानीत एक मांजर असं बसलेलं, जणू त्याला पगार मिळतो. त्याला आपल्याकडच्या किल्ल्यांची आठवण झाली, पण आपल्या किल्ल्यांवर निदान पडझड प्रामाणिक असते. इथली पडझडसुद्धा नटलेली होती. जवळ गेल्यावर मात्र दिसलं की बऱ्याच भिंतींना लोखंडी पट्ट्या मारल्यात आणि दोन गल्ल्यांत कमानींना लाकडी टेकू दिलेत. मागच्या वर्षीच्या भूकंपाचा तो प्रसाद होता.

वेशीजवळच्या बाकावर म्हातारे बसले होते, करमाळ्याच्या एसटी स्टँडवर बसतात तसेच, आणि तसंच काम करत होते : येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद. इरावती गाडीतून उतरली मात्र, सगळे उठून उभे राहिले.

“ईरा! ईरा!”

म्हणजे सगळं गावच तिला इरा म्हणत होतं. एका माणसाचा संशय असतो तेव्हा एकावर लक्ष ठेवता येतं. हरिहरला आता मनुष्यबळ कमी पडू लागलं.

हार्डवेअरच्या दुकानातून एक माणूस धावत आला. ठेंगणा, टकला, पोट सुटलेला, साठीकडे झुकलेला. त्यानं इरावतीच्या दोन्ही गालांना गाल लावले. हाच दोनातो. दुसऱ्या कुणाला इथे हायसं वाटलं असतं. हरिहरला वाटलं, रूप नसताना बाईच्या लक्षात राहिला, म्हणजे माणसात नक्की काहीतरी भारी असणार.

मग दोनातो हरिहरकडे वळला. हात मिळवला, आणि हात सोडायच्या ऐवजी तसाच दंडापर्यंत चाचपत गेला. बैलबाजारात बघतात तसा खांदा दाबून पाहिला. मागे सरकून उंची न्याहाळली, स्वतःच्या टकलावरून हात सरळ नेऊन हरिहरच्या हनुवटीला टेकवला, आणि चिंतेनं मान हलवली. मग म्हणाला, “बेने, बेने.”

“काय करतोय हा?” हरिहरनं दात न उघडता विचारलं.

“आवडलास तू त्याला,” इरावती म्हणाली.

समोरच्या खिडकीत दोनातोची आई होती, आस्सुंता, नव्वदीची. तिच्याच घरात इरावती त्या उन्हाळ्यात राहिली होती. म्हातारीनं हरिहरकडे वरपासून खालपर्यंत असं पाहिलं की त्याला उगाच शर्टाची बटणं तपासावीशी वाटली. मग ती एक वाक्य बोलली आणि सगळी गल्ली हसली.

“काय म्हणाली?”

“सांगते नंतर.”

“आत्ता सांग.”

“हरी, नंतर.” आणि ती हसत हसतच डोळे पुसत म्हातारीकडे जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी गावाचा सण होता. कुठल्या देवीचा, हे हरिहरनं हॉटेलवाल्याला विचारलं. हॉटेलवाला इंग्रजीत म्हणाला, “बर्फाची माता.” बाहेर ऊन असं होतं की दगडावर पापड भाजावा. ऑगस्टमध्ये बर्फाची देवी! या गावात खरं बोलायची पद्धतच नसावी, अशी हरिहरनं मनाशी नोंद केली.

ते पोचले त्याच दुपारी जेवणानंतर गाव झोपलं. हरिहर बिछान्यावर डोळे मिटून जागा होता. इरावतीनं हळूच चपला हातात घेतल्या आणि ती खोलीबाहेर पडली. तो क्षण आला होता. आपल्याला खरंच काय हवंय, कळलेलं हवंय की न कळलेलं, हे ठरवायला त्याला खाटेच्या कडेवर थोडं बसावं लागलं. मग तो उठला.

गल्ल्या चढून ती गावाच्या टोकाला एका छोट्या देवळापाशी गेली. आपल्या शब्दांत देऊळ; तिथे त्याला चॅपेल म्हणतात. दाराला मोठं कुलूप, लाल-पांढरी पट्टी बांधलेली. तिथे दोनातो उभा होता. दोघं भिंतीकडे तोंड करून अगदी जवळ उभी राहिली. दोनातोनं भिंतीवर कुठेतरी बोट दाखवलं, आणि इरावतीनं ओठ घट्ट मिटून घेतले. दोनातोनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

हरिहर एका मोठ्या कुंडीआड बसला होता. कुंडीत ओव्याच्या वासाचं कसलंसं झाड होतं आणि त्याला शिंक येत होती.

“बाबा,” मागून आवाज आला. ईशानी आइस्क्रीमचा कोन चाटत उभी होती. “डू नोरमाल!” डच पोरं आईबापांना हेच ऐकवतात : जरा माणसासारखं वागा. आणि तिचा आवाज आजीवर गेलेला, तीन शेतांपलीकडे पोचणारा.

इरावतीनं वळून पाहिलं. कुंडीमागून उठण्याची कुठलीच पद्धत डौलदार नसते.

“तू कुंडीमागे काय करतोयस?”

हरिहरनं मग जे इतके महिने घशात धरलं होतं ते सोडलंच. मराठीत, आणि दोनातोच्या तोंडावर. “हा कोण लागतो तुझा?”

दोनातो प्रेमानं हसला आणि त्यानं मान डोलावली.

इरावतीला इतकं हसू आलं की ती देवळाच्या पायरीवर बसली. आणि हसता हसता मध्येच तिचं हसू संपलं. “दोनातो? अरे त्याला नातवंडं आहेत!”

“ते उत्तर नाही.”

“हो, नाहीच आहे.” तिनं शेजारची पायरी थोपटली. “बस. ईशू, तू दोनातोकाकाबरोबर दुकानात जा जरा.” ती दोघं गेली. इरावती म्हणाली, “तुला राग येईल म्हणून इतकी वर्षं सांगितलं नाही. आता दुसरंच काहीतरी डोक्यात घेऊन बसलास, तर राग परवडला.”

तिनं सांगितलं ते असं. त्या उन्हाळ्यात ती इथे होती आणि हरिहर पुण्यात. ती म्हणत होती, माझ्या व्हिसावर ये, इथे येऊन नोकरी शोध. तो म्हणत होता, बायकोच्या पदराला धरून परदेशात येणार नाही, येईन तर स्वतःच्या नोकरीवर. अर्जांमागून अर्ज परत येत होते. एका संध्याकाळी तो फोनवर म्हणाला होता, “एक तर तू परत ये, नाहीतर हे सोडून देऊ.” हे वाक्य हरिहर विसरला होता. म्हणजे विसरल्याचं त्यानं ठरवलं होतं.

“तू फोन ठेवलास आणि मी इथे आले,” इरावती म्हणाली. “काम होतं म्हणूनच आले. या भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची होती. भेग वाढली तर काच तडकते, एवढंच असतं ते. आत देवी होती. आमच्या गल्लीतल्या देवीसारखीच, जरा तिरकं बघणारी. मला काय झालं कोण जाणे. मी नवस बोलले.”

“नवस?”

“की ह्याला नोकरी लागू दे, हा इथे येऊ दे. आम्ही जोडीनं तुझ्या पाया पडायला येऊ.”

“या देवीला? मराठीत?”

“मग काय ग्रीकमध्ये? ऐकणाऱ्याला कळतं.”

“आणि मग?”

“मग पुढच्या आठवड्यात तुझा फोन आला. स्लोटरडाइकची नोकरी लागली म्हणून.”

त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती : ही नोकरी. ओळख नाही, वशिला नाही, बायकोचा आधार नाही. काट्यावरच्या बापाच्या पोरानं स्वतःच्या वजनावर मिळवलेली. हूफडॉर्पच्या प्रत्येक गणपतीत, प्रत्येक वाढदिवसाला त्यानं हे नव्या येणाऱ्या पोरांना ऐकवलेलं होतं. आणि इतकी वर्षं बायको शेजारी बसून, भजी वाढत, ते ऐकून घेत होती. तिच्या मनात त्या वेळी ही बर्फाची बाई होती. क्षणभर त्याला वाटलं, यापेक्षा दोनातो परवडला असता.

“म्हणजे वशिला लागलाच,” तो म्हणाला.

“म्हणूनच सांगत नव्हते.”

“तू इंजिनियर आहेस, इरा.”

“त्या दिवशी नव्हते.” तिनं भिंतीकडे बोट केलं. भेगेवरची काचेची पट्टी मधोमध तडकली होती. “भूकंपात गेली. माझीच काच बघून नगरपालिकेनं देऊळ बंद केलं. उद्या मिरवणूक झाली की मूर्ती दुरुस्तीला दुसऱ्या शहरात जाणार, देऊळ उघडेल तेव्हा उघडेल. म्हणून यंदाच. आणि मघाशी आस्सुंता काय म्हणाली ते ऐकायचंय? म्हणाली, ह्या काडीसाठी देवीला एवढा त्रास दिलास?”

हरिहरला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. “बरं. उद्या पाया पडू आणि मोकळे होऊ.”

“उद्या आधी तुला देवी उचलायचीय.”

“कुणाला?”

“दोनातोनं विचारलं होतं, खांद्यावर घ्यायला एक माणूस कमी पडतोय, ईराचा नवरा येईल का? मी नाही कळवणार होते, तुझ्या पाठीमुळे. तर बघते, आधीच होकार गेलेला. कोथिंबिरीच्या दिवशी.” तिनं उठून साडी झटकावी तसा झगा झटकला. “म्हटलं, स्वतः गृहस्थ हौसेनं अंगठा देतायत, आपण कोण आडवं येणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजल्या. नगरपालिकेचा एक गडी देवळाच्या दारात उभा राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं पिवळं शिरस्त्राण ठेवत होता. आत फक्त उचलणारेच. भिंतींचा भरवसा नाही. हरिहर शिरस्त्राण घालून आत गेला, पण देवीवर कापड टाकलेलं होतं आणि त्याला तिच्या पालखीच्या दांडीखाली वाकायला सांगितलं. चेहरा दिसलाच नाही. त्याच्या पुढे दोनातो. आता कळलं काल उंची का मोजली. दोनातो इतका ठेंगणा की त्याच्या खांद्याला दांडी नुसती आदरानं टेकत होती. त्याच्या वाट्याचं सगळं वजन हरिहरकडे आलं.

बाहेर पडल्यावर कापड काढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वरच्या गच्च्यांतून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव सुरू झाला. ऑगस्टमधलं बर्फ ते हे. पाकळ्या हरिहरच्या घामेजल्या मानेवर चिकटत होत्या. उतारावर वजन पुढे जाई तेव्हा दोनातो किंचाळे, चढावर मागे येई तेव्हा हरिहर कण्हे. मुळात या सगळ्यात आपण कसे अडकलो, याचा हिशोब तो लावत होता, पण लागत नव्हता. दर पावलाला दांडी हाडात रुतत होती.

एका वळणावर त्याला इरावती दिसली. कडेला भिंतीला टेकून, ईशानीच्या खांद्यावर हात ठेवून ती देवीकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. तो कोन त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता : आपल्या डोक्यावरून कुणाकडे तरी बघणारी आपली बायको. त्याला एकदम कळलं की त्या संध्याकाळीही ती अशीच उभी असणार. भेगा मोजणारी, गणितावाचून पाऊल न टाकणारी बाई, परक्या देवीपुढे, परक्या गावात, एका काडीसाठी. हिला मी एवढा हवा होतो? दांडीखाली मान वळवता येत नव्हती, म्हणून त्याला तिच्याकडे पुन्हा बघता आलं नाही. डोळ्यांत घाम गेला, असं त्यानं नंतर ईशानीला सांगितलं.

मिरवणूक देवळाशी परत आली. मूर्ती आत ठेवली. इरावती लगबगीनं दाराशी आली, तर पिवळ्या शिरस्त्राणवाल्यानं हात आडवा केला. ती त्याच्याशी इटालियनमध्ये भांडली. दोनातो भांडला. म्हातारी आस्सुंता खिडकीतून भांडली. गडी प्रत्येकाला एकच कागद दाखवत होता, भिंत धोक्याची असल्याचा. आणि त्यात आधार म्हणून डॉक्टर इरावतीबाईंच्याच जुन्या मोजमापांचा उल्लेख होता.

हरिहर आत होता. बाकीचे उचलणारे एकेक करून देवीच्या चौथऱ्याला ओठ लावून बाहेर पडत होते. आता त्याला तिचा चेहरा दिसला. लाकडी, रंग उडालेला, नाकाचा शेंडा तुटलेला, आणि खरंच जरा तिरकं बघणारी. लग्नात कोपऱ्यात बसून सगळ्यांचं सगळं माहीत असणाऱ्या काकूसारखी. खरंच तू लावलीस नोकरी, असं त्यानं मनातल्या मनात विचारलं. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याचा हात जोडायला अर्धा वर आला आणि थांबला. शब्द जोडीचा होता. एकट्यानं हात जोडले तर तो आपला वेगळा व्यवहार होईल, हिचा राहूनच जाईल. तो तसाच बाहेर आला. मागे मूर्तीच्या पेटीत भुसा भरल्याचा आवाज आला, मग दार लागलं, मग कुलूप.

इरावती पायरीवर उभी होती. “पडलास पाया?”

“नाही.”

“का रे? एकाचं तरी झालं असतं.”

“तू जोडीनं बोलली होतीस ना?”

तिनं त्याच्या शर्टाच्या कॉलरमधून एक पाकळी काढली. मग हातात धरून ठेवली, टाकली नाही.

परतीच्या दिवशी स्किपोलहून हूफडॉर्पची बस धरली तेव्हा नेहमीचा बारीक पाऊस होता. ईशानी खिडकीला डोकं लावून झोपली होती. हरिहरचा उजवा खांदा निळा पडला होता आणि बॅग तो डाव्या हातानं सांभाळत होता.

“हे नवसाचं,” तो म्हणाला, “उशीर झाला तर काही असतं का? म्हणजे व्याज वगैरे?”

“तुझा कुठे विश्वास आहे?”

“नाही म्हणूनच विचारतोय. विश्वास असता तर म्हटलं असतं, माऊली आहे, समजून घेईल. मला काय माहीत ती कशी आहे.”

इरावती हसली नाही. “राहिलंय खरं,” एवढंच म्हणाली, आणि त्याच्या दुखऱ्या नव्हे त्या खांद्यावर डोकं ठेवलं.

हरिहरनं स्वतःचा फोन काढला. निघताना दोनातोनं नंबर दिला होता. भाषांतराच्या ॲपमध्ये त्यानं मराठीत लिहिलं : देऊळ कधी उघडेल? नक्की महिना सांगावा. इटालियन ओळ आली ती त्यानं उलटी मराठीत करून तपासली, पुन्हा तपासली, आणि पाठवली. स्टेशन येईपर्यंत उत्तर आलं. दोनातोनं लिहिलं होतं, भिंतींचं काम आहे, गडबड करून चालत नाही, दोन वर्षं म्हणतात, म्हणजे पाच धरा.

हरिहरनं ते वाचलं आणि फोन खिशात टाकला. बस थांबली. त्यानं ईशानीला उठवलं, बॅगा मोजल्या, आणि पावसात उतरला.